बंदूक बरी झाली

"डॅड, गेल्या वर्षी चुकलं कोण? तू की बंदूक?"

प्रश्न मार्नीच्या तोंडून आला, पण तो शिजला होता शाळेच्या बसमध्ये, केंझी आणि पायपर या दोन आचाऱ्यांच्या हातून. थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागायच्या दिवशी केंझी म्हणाली होती, "तुझ्या डॅडला विचारून दाखव. नाही विचारणार तू, टरकशील." त्यावर पायपरने पैज लावली. मार्नीने विचारलं, तर हीटरशेजारची खिडकी नाताळपर्यंत तिची.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात डिसेंबरच्या तोंडावर बसमधली हीटरशेजारची खिडकी म्हणजे राजसिंहासन. आणि मार्नी कोव्हालिक आजकाल पैज सोडणाऱ्यांतली राहिली नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी. उन्हाळ्यात तिच्या दातांवरची तार निघाली. शाळा उघडल्यावर तिने वर्कशॉपचा विषय घेतला, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी, आणि हॅलोवीनच्या आसपास सरांनी तिने कानसलेला लोखंडाचा ठोकळा हातात उंच धरून सगळ्या पोरांना सुनावलं, "काटकोन कसा असतो ते बघायचं असेल तर इकडे या." त्या दिवशी तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. आता जगात असं काही नव्हतं जे नीट मापून, नीट घासून सरळ करता येणार नाही, असं तिचं ठाम मत होतं.

शनिवारची दुपार होती. डॅड स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरत होता, तो थांबला. सिंकपाशी मॉम सूपासाठी टर्कीचा सांगाडा मोडत होती. हाडं मोडल्याचा आवाजही थांबला.

"कोण विचारतंय?" डॅड म्हणाला.

"मी."

"आणि तुझ्या मागे कोण उभं आहे?"

"केंझी. थोडीशी पायपर."

"केंझीला सांग, तुझ्या बापाच्या शर्टांची त्या भिंतीवर गोधडी झालीये, आधी ती मोज म्हणावं."

मॉम हसली. मार्नीही हसली, कारण ते खरं होतं. केंझीचा बाप गस हा डॅडचा लहानपणापासूनचा मित्र, आणि वर कॅम्पमध्ये त्याच्याइतके शर्ट कुणाचेच फाटले नव्हते. कॅम्प म्हणजे जंगलात पाच घरांनी मिळून बांधलेली डांबरी कागदाची झोपडी. हरणाच्या शिकारीच्या सीझनमध्ये सगळे तिथेच राहायचे. तिथला कायदा सोपा होता. हरणावर गोळी झाडली आणि ती चुकली, की संध्याकाळी शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचं. कापताना सगळे हसायचे, ज्याचा शर्ट तोही हसायचा.

कोव्हालिकांचं मात्र त्या भिंतीवर काही नव्हतं. पॅपचं, म्हणजे डॅडच्या वडिलांचं नव्हतं, आणि डॅडचंही नव्हतं, गेल्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षी लाल-काळ्या चौकड्यांचा एक तुकडा तिथे लागला. मॉमने वाढदिवसाला घेतलेला शर्ट होता तो. 'डेल कोव्हालिक', खाली साल. त्या दिवशी डॅड अंधार पडेपर्यंत बर्फावर रक्ताचा माग शोधत फिरला होता. थेंबही नव्हता. म्हणजे हरीण जखमी नव्हतं. म्हणजे साफ चुकलं.

"बंदूक अडकली," डॅड तेव्हा म्हणाला होता. सगळ्यांनी माना हलवल्या. पण केंझीने आपल्या बापाला तिच्या आईशी काहीतरी दबक्या आवाजात बोलताना ऐकलं होतं, आणि काय ते सांगायला ती तयार नव्हती. नुसती म्हणायची, "विचार ना मग त्यालाच."

"बंदूक," डॅड आता म्हणाला. "चुकली ती बंदूक. बस. दाखवतो."

मार्नीने खुर्ची ओढली. सिंहासन मिळाल्यातच जमा होतं.

बंदूक पॅपची. लिव्हरची रायफल, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड गालापाशी घासून घासून काळं झालेलं. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. लिव्हर खाली ढकलली की आतली एक पट्टी पुढचं काडतूस उचलून वर आणते, लिव्हर मिटली की ते नळीत जाऊन बसतं. इतकंच. एक गोळी सुटली की दुसरी हजर, आणि खांद्यावरून बंदूक हलवायलाही नको.

डॅडने डब्यातून पॅपने बनवलेली खोटी काडतुसं काढली, आत दारूबिरू काही नसलेली. ती भरायला त्याला वेळ लागला. एक टॉवेलवर पडलं, ते मार्नीने उचलून दिलं.

"आता बघ." त्याने लिव्हर खाली-वर केली. पहिलं काडतूस लोण्यासारखं नळीत गेलं. "हे गेलं. आता दुसरं."

लिव्हर खाली गेली. पहिलं उडून टॉवेलवर पडलं, आणि लिव्हर मध्येच थांबली. ना पुढे, ना मागे. डॅडने जोर लावला. बंदूक दगडासारखी बसली.

"बघितलंस?" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं एखाद्याला डॉक्टरने शेवटी रोगाचं नाव सांगावं. "पट्टी झिजलीये. मागचं काडतूस तिने अडवून धरायला पाहिजे. अडवत नाही. ते तिच्या खाली घुसतं, आणि मग रामराम."

"म्हणजे बंदूकच."

"म्हणजे बंदूकच."

"केंझी," मार्नी छताकडे बघत म्हणाली, "सामान उचल आणि मागच्या सीटवर जाऊन बस."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मॉमने ओले हात पुसून उचलला, ऐकलं आणि वायर ताणत डॅडच्या कानाशी आणून धरला. फोन गसचा होता. तो फोनवर नेहमी असा बोलायचा की मध्ये डोंगर आहे आणि तारेवर त्याचा विश्वास नाही. त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"डेल, पट्टी आली का तुझी?"

"आली. कालच पोस्टाने आली."

"बसवलीस?"

"बसवतोय."

"नाही बसली तर सांग. ॲप्रन धुऊन इस्त्री करून ठेवलाय. फुलाफुलांचा. तुझ्या रंगाला शोभेल."

"तुझ्या बायकोचा आहे, तिलाच शोभू दे."

गस खदाखदा हसला. ॲप्रनची गोष्ट अशी होती. सीझन सोमवारी उघडतो. आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी, कॅम्पच्या लांब टेबलावर प्रत्येकाने आपली बंदूक ठेवायची, खोटी काडतुसं भरायची आणि सगळ्यांसमोर लिव्हर चालवून ती एकेक करून बाहेर काढायची. बाकीचे गलका करत मोजतात. जो सुखरूप सुटला तो सोमवारी डोंगरावर. ज्याची बंदूक अडकली त्याच्या गळ्यात ॲप्रन. तो त्या सीझनला रांधतो, लाकडं फोडतो, आणि त्याला कुणी एक शब्द बोलत नाही, कारण लोखंड आहे, लोखंड कुणालाही दगा देतं. गस स्वतः दोनदा ॲप्रन घालून बसला होता आणि त्याच्या मिरचीतल्या हरणाच्या मटणाचं नाव अजून निघतं.

शर्टाचं तसं नव्हतं. शर्ट माणसाचा. आणि लागोपाठ दोन वर्षं फाटला, तर डोंगरावरची आपली बसायची जागा सोडून द्यायची, पुढच्याने घ्यायची. कोव्हालिकांची जागा म्हणजे पॅपचा खडक. हेमलॉकच्या दोन झाडांमध्ये, खाली ओढा, आणि पॅपच्या बुटांनी खडकाला जिथे खळगे पडलेत तिथेच डॅडचे बूट बसतात. मार्नीचेही बसायला लागले होते. गेल्या वर्षी तिने गुपचूप ठेवून पाहिले होते.

"उद्या भेटू," डॅड फोनमध्ये म्हणाला. मॉमने फोन ठेवला. 

मग काम सुरू झालं, आणि इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

दस्त्याचा स्क्रू मोठा होता, तो निघाला. लिव्हरचा स्क्रू बारीक. डॅडने पेचकस खाचेत ठेवला. तो निसटला. पुन्हा ठेवला. पुन्हा निसटला आणि निळसर लोखंडावर एक चकचकीत ओरखडा उठला.

"उजेड नाही इथे," डॅड म्हणाला.

मॉमने बैठकीतला दिवा आणून टेबलावर ठेवला.

"आता डोळ्यांवर येतोय."

मॉमने दिवा वळवला.  तिचं न बोलणं मार्नीला ओळखीचं होतं. ऑगस्टमध्ये मॉमने डॅडसाठी एरी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॅड म्हणाला, सीझन झाल्यावर. तिने ऑक्टोबरची घेतली. सीझन झाल्यावर. हल्ली घरातली कुठलीही गोष्ट, गटार साफ करण्यापासून गाडीच्या ब्रेकपर्यंत, सीझन झाल्यावरच होणार होती. मार्नीला तो नवराबायकोचा नेहमीचा खेळ वाटायचा.

पेचकस तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा मार्नीने पहिल्यांदा हाताकडे पाहिलं.

आधी पाहिला नव्हता असं नाही. डॅडचा उजवा हात हलतो, हे तिला ठाऊक होतं, जसं फ्रिज गुरगुरतो हे ठाऊक असतं. कॉफी जास्त झाली. आरा मशीनवर बारा वर्षं काढली की कुणाचेही हात हलतात. पण आता दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या टॉवेलवर, तो हात एकटा पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, सारखे, जणू त्यांच्यात एक न दिसणारी गोळी होती आणि ती त्यांना वळायची होती. डॅड त्यांना सांगत नव्हता तसं करायला. उलट तो दुसऱ्या हाताने ते मनगट दाबून धरत होता.

"डॅड, मी काढू?"

"पॅपचा नियम माहितेय ना?"

माहीत होता. जो खांद्याला लावतो त्यानेच कानस लावायची. कोव्हालिकांच्या बंदुकीला बाहेरचा कारागीर कधी शिवला नव्हता, आणि घरातलाही दुसरा कुणी नाही.

"स्क्रूला कुठे नियम आहे? नियम कानशीला आहे," मार्नी म्हणाली. "वकिलाला विचार."

डॅडने तिच्याकडे पाहिलं. हसू ओठांपर्यंत आलं होतं. त्याने पेचकस टॉवेलवर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

स्क्रू एका फेऱ्यात निघाला. लिव्हर खाली घसरली, बोल्ट मागे आला, आणि त्याच्याबरोबर एक इवलासा लोखंडी तुकडा टपकन पडून थेट शेगडीखाली गेला. मार्नी पोटावर झोपून, हात खांद्यापर्यंत आत घालून तो घेऊन आली. सोबत धुळीचा एक गोळा आणि कधीचा तरी एक वाळलेला पिरोही, करंजीसारखा.

"हा पण बंदुकीचा भाग का?" तिने विचारलं.

"तो तुझ्या आजीच्या काळातला दिसतोय," मॉम म्हणाली. "नीट ठेव, पुढच्या पिढीला देऊ."

तिघंही हसले. तेवढ्यापुरतं सगळं पुन्हा ठीक झालं.

जुनी पट्टी बाहेर आली तेव्हा मार्नीने ती बोटांवर फिरवली. जिथे लिव्हर घासत जाते तिथे लोखंडाला कड पडली होती, नखाला लागेल अशी. एवढंसं. इतक्या वर्षांत इतकंच झिजलं होतं, आणि तेवढ्याने सगळं बंद पडत होतं. नवी पट्टी कागदात गुंडाळलेली, तेलकट, टोकाला मुद्दाम जाड ठेवलेली. ती घासून बसवायची असते. जास्त घासली तर गेली, नव्या पट्टीची जुनी झाली. कमी घासली तर लिव्हर मिटत नाही. जरा घासायचं, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा जरा घासायचं.

डॅडने कानस हातात घेतली. पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरली. कानस लोखंडावर टेकली आणि तिने टकटक वाजायला सुरुवात केली, बारीक, झपाट्याने, जसं खिडकीच्या काचेवर पक्षी चोच मारतो. डॅडने ती उचलली. श्वास घेतला. पुन्हा टेकवली. पुन्हा टकटक.

 मॉमने नळ सोडला, कारण नसताना.

मार्नीला वाटलं, आपण काहीतरी बोलायला पाहिजे. महिनाभर ती प्रत्येक ठिकाणी काहीतरी बोलत आली होती आणि प्रत्येक ठिकाणी त्याने काम झालं होतं. आता तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं.

डॅडने कानस खाली ठेवली. मग, तिच्याकडे न बघता, बोटाच्या टोकाने ती टॉवेलवरून ढकलत ढकलत मार्नीच्या हातापाशी आणली. नियमाचं काहीच बोलला नाही. आपले दोन्ही हात त्याने टेबलाखाली नेले.

"कोपर अंगाला चिकटव," तो म्हणाला. "पुढे जाताना दाब. मागे येताना उचल."

"माहितेय. सर हेच सांगतात."

"तुझ्या सरांना पॅपनेच शिकवलं असेल."

तिने घासलं. त्याने सांगितलं, तिने घासलं. जीभ दातांत धरून, केस कानामागे खोचून. बसव. चालव. नाही मिटत. काढ. अजून एक हात. फुंकर मार. बोट फिरव, कड लागते का? बाहेर उजेड उतरायला लागला होता, सूप उकळायला लागलं होतं, आणि हळूहळू मार्नी सगळं विसरली. हात, टकटक, एरीचे डॉक्टर, सगळं. फक्त लोखंड आणि ती उरली. आणि लोखंड तिचं ऐकत होतं.

मग एकदा लिव्हर मिटली, आणि मिटताना असा आवाज आला, जसा चांगल्या दाराला येतो.

"थांब," डॅड म्हणाला. "हात लावू नकोस आता. झालं."

सगळे स्क्रू बसले, दस्ता बसला. मार्नीने खोटी काडतुसं भरली, उभी राहिली आणि लिव्हर चालवली. एक उडालं. दुसरं उडालं. तिसरं सूपाच्या भांड्याला लागून ठण्ण वाजलं. शेवटचं मॉमच्या पायाशी पडेपर्यंत बंदूक एकदाही अडखळली नाही.

मार्नी नाचली. बंदूक टॉवेलवर ठेवून, टेबलाभोवती, मोज्यांवर घसरत, फुटबॉलच्या मैदानात नाचतात तशी. "मी म्हटलं होतं. म्हटलं होतं ना मी? आता सोमवारी शिकारीची सुट्टी, शाळा नाही, पण मंगळवारी बसमध्ये मी उभी राहणार. पहिल्या पायरीवरच. 'केंझी, ऐक,' म्हणणार. माझा डॅड कधी चुकत नाही. बंदुकीची पट्टी झिजली होती, मी स्वतः बदलली, स्वतः पाहिली. झालं काय, की हरीण ओढ्यावर आलं, आडवं उभं, साठ पावलांवर. डॅडने पहिली गोळी झाडली, मग लिव्हर ओढली, आणि दुसरं काडतूस..."

तिचे पाय थांबले, पण मोजे गुळगुळीत फरशीवर जरा पुढे गेले.

दुसरं काडतूस अडकलं.

पहिलं कधी अडकतच नव्हतं. तिने आत्ताच पाहिलं होतं. पहिलं लोण्यासारखं आत गेलं होतं. पहिली गोळी सुटली होती. साठ पावलांवर, आडव्या उभ्या हरणावर, पॅपच्या खडकावरून, जिथून कोव्हालिक कधी चुकले नाहीत.

तिने डॅडकडे पाहिलं. डॅडने तिच्याकडे पाहिलं नाही. मॉमने पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. मॉमला माहीत होतं. गसलाही माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, केंझीलाही. कॅम्पमधल्या त्या माना हलवणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी मान हलवली होती. सगळ्या डोंगरात पट्टीवर विश्वास ठेवणारी दोनच माणसं होती. एक मार्नी. दुसरा डॅड, आणि तोही आत्ता, या नाचाच्या मध्ये, त्या यादीतून निघून गेला होता. किंवा तो कधीच नव्हता तिच्यात, फक्त पट्टी पोस्टाने येईपर्यंत त्याला तिथे बसायचं होतं.

"मार्नी," मॉम हळू म्हणाली, "काडतुसं उचल, कुणाच्या तरी पायाखाली येतील."

तिने खाली बसून काडतुसं उचलली. सगळी उचलून झाली तरी ती उठली नाही.

वर डॅडने बंदूक घेतली. त्याने ती खांद्याला लावली, सवयीने, गाल त्या काळ्या लाकडावर टेकवला, आणि समोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. नोव्हेंबरच्या पानावर धान्याच्या दुकानवाल्यांनी छापलेलं हरीण होतं, शिंगं फुटलेलं, मान वळवून बघणारं. नळीचं टोक त्या हरणावर थांबलं नाही. ते हरणाच्या कानावर गेलं, मग तारखांवर, मग फ्रिजच्या दारावर, मग परत. डॅडने दात आवळले. मानेची शीर ताठ झाली. टोक गोल गोल फिरत राहिलं, छोट्या वर्तुळात, सारखं. खालून, फरशीवर बसून, मार्नीला दुसरं काही दिसतच नव्हतं.

 

डॅडने बंदूक खाली घेतली आणि टॉवेलवर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

"बंदूक बरी झाली," तो म्हणाला.

मॉमने गॅस बंद केला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हातही हलायला लागला, कारण खांदा हलत होता.

"डेल, नको जाऊस या वर्षी."

"आणि काय सांगू? पट्टी आली, बसली, गसला सांगून झालं. उद्या टेबलावर ती घड्याळासारखी चालेल. सगळे मोजतील. मग?" तो थांबला. "मग सोमवारी मी खडकावर बसेन, हरीण येईल, आणि या वेळी रक्त सांडलेलं असेल बर्फावर, आणि ते कुठेतरी ओढ्याकाठी जाऊन दोन दिवस मरत राहील. किंवा साफ चुकेल. मग गस कात्री आणेल. तो रडेल कापताना, ओळखतो मी त्याला. मला सांग, कुठलं बरं?"

मॉमने खांद्यावरचा हात काढला नाही.

 मार्नी आयुष्यात पहिल्यांदाच अशा खोलीत बसली होती जिथे सगळं नीट मापलेलं, नीट घासलेलं होतं, आणि तरीही काहीच सरळ झालेलं नव्हतं. तिच्या हातांनी केलं होतं ते. तिने इतकं चांगलं काम केलं होतं, की तिच्या बापाकडे आता सांगायला काही उरलं नव्हतं. तिला वाटलं, एरीच्या डॉक्टरांकडे एक दुकान असावं, आणि तिथे तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेलं काहीतरी मिळावं, टोकाला मुद्दाम जाड ठेवलेलं. ती रात्रभर घासत बसली असती. आठवडाभर बसली असती.

टॉवेलच्या कोपऱ्यावर जुनी पट्टी पडली होती. उतरत्या उजेडात तिची झिजलेली कड चमकत होती. मार्नीने ती उचलली. नखाने कड चाचपली.

मग ती उठली, खुर्ची टेबलापाशी ओढून बसली, दिवा आपल्याकडे वळवला आणि पेचकस घेतला. पहिला स्क्रू अर्धा सुटेपर्यंत दोघांनाही कळलं नाही ती काय करतेय.

"मार्नी?" डॅड म्हणाला.

"डॅड, मॉम, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज वर्कशॉपमधल्यासारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला, आणि तो जवळजवळ जमला. "नवी पट्टी मी काढतेय. जुनी परत घालतेय. उद्या टेबलावर दुसऱ्याच काडतुसाला अडकेल, सगळ्यांसमोर. कुणी विचारलं तर सांगायचं, पोरीने घासली, जास्त घासली, वाया घालवली. मंगळवारी बसमध्ये मीही हेच सांगणार आहे. आणि मी पण येतेय कॅम्पला. खडकावर नाही. तू ॲप्रन घाल, मी कांदे चिरते."